भिंतीपलीकडे दिलेली यादी

मी संतापी माणूस आहे, हे कुणी आरोप करण्यापूर्वी मीच कबूल करतो. कबुली स्वतःहून दिली की उलटतपासणी घेणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी कायदा शाखेत पस्तीस वर्षे टिपणे लिहिली. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन वकिलीची पदवी मिळवली, सनद मात्र घेतली नाही. काळा कोट अंगावर चढला नाही, त्यामुळे जन्मभराचा युक्तिवाद पत्रांत उतरला. महापालिका, टपाल खाते, रेल्वे, वर्तमानपत्रांचे संपादक, कुणालाही मी मोकळे सोडलेले नाही. या पत्रांच्या स्थळप्रतींनी घरातली दोन कपाटे भरली आहेत. पत्नी त्यांना ‘दारूगोळ्याची कोठी’ म्हणते.

या आठवणीचा विषय मात्र असे एक पत्र आहे, जे माझ्या विवेकाविरुद्ध, माझ्याच हस्ताक्षरात, दिल्लीला जाता जाता राहिले.

जानेवारीच्या दोन तारखेला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येते. बहुतेक जण ती ओलांडून राशिभविष्याकडे जातात. भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना दिल्या, एवढाच तिचा मजकूर. दोन्ही देशांत जुना करार आहे: परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, आणि ती केंद्रे कुठे आहेत हे दर नववर्षाच्या पहिल्या दिवशी लेखी कळवायचे. तीस वर्षांहून अधिक काळ ही देवघेव चुकलेली नाही. दरम्यान युद्ध झाले, राजदूत परत बोलावले गेले, रेल्वे थांबली, क्रिकेट थांबले. यादी थांबली नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे सुटली, तरीही यंदाच्या एक जानेवारीला यादी गेली आणि यादी आली. ही बातमी मी दरवर्षी कापून वहीत चिकटवतो. राग ही काय चीज आहे हे मला आतून ठाऊक आहे, म्हणूनच रागालाही न जुमानणाऱ्या कागदाचा मला आदर वाटतो.

यंदा मी ती बातमी आमच्या मंडळात मोठ्याने वाचून दाखवली, आणि प्रकरण तिथे सुरू झाले.

धरमपेठेतल्या एका बागेच्या शेडमध्ये आमचे ज्येष्ठ नागरिकांचे मंडळ रोज सकाळी भरते. मी त्याचा आठ वर्षे सचिव आहे. बातमी संपते न संपते तोच समोरच्या बाकावरून माझे शेजारी उठले. त्यांचा शहराबाहेर वाडीला ट्रकांचा व्यवसाय होता. आता मुलगा पाहतो. आवाज मात्र अजून गोदामाच्या दारात उभे राहून ड्रायव्हरला हाक मारण्याचाच.

“म्हंजे आपणच आपला पत्ता लिहून देऊन राहिलो का त्याइले? वा रे वा! चोराले चिठ्ठी, का बाप्पा, तिजोरी डाव्या हाताले हाय!”

“पत्ता त्यांना ठाऊकच आहे,” मी म्हणालो. “या ठिकाणी हात लावणार नाही, हे लिहून घेण्यासाठी आधी ते ठिकाण लिहावे लागते. करार असाच होतो.”

“त्याइच्या सहीची किंमत काय? माझ्या बहिणीचा नातू सीमेवर उभा हाय, वकीलसाहेब. तुमची फाईल उभी नाही तिथं.”

‘वकीलसाहेब’ ही त्यांनी मला दिलेली जुनी शिवी. तिचे उत्तर माझ्याकडे होते, नातवाचे नव्हते. शेडमधल्या माना त्यांच्या बाजूने हलल्या.

दोनच दिवसांत त्यांचा ठराव माझ्या हाती आला. सरकारने पाकिस्तानशी अणुविषयक सर्व बोलणी बंद करावीत, यादीचा करार मोडावा, आणि ही मागणी मंडळाच्या नावाने दिल्लीला कळवावी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी, वार्षिक सभेत तो मतास जायचा होता. आता आमच्या नियमावलीचा नियम चौदा असा: मंजूर ठरावाचे पत्र सचिवाने स्वहस्ते लिहावे आणि त्याखाली स्वतःची सही करावी. हा नियम मीच लिहिला आहे. म्हणजे ठराव मंजूर झाला, तर जो कागद मी जपून ठेवतो तो फाडा, अशी विनंती मलाच लिहावी लागणार होती; नाहीतर राजीनामा. राजीनामा हा हरलेल्या माणसाचा अर्ज असतो, असे माझे मत आहे.

येथे शेजाऱ्यांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. आमची घरे एकमेकांना लागून आहेत, आणि तीस वर्षे आमचे बोलणे नाही. मंडळात होते ते कामकाज. रस्त्यात ओळख नाही. कारण मधली भिंत. ती त्यांनी माझ्या जागेत नऊ इंच सरकवून बांधली असे माझे म्हणणे. मी गिलाव्यापासून मोजले असे त्यांचे. दावा अकरा वर्षे चालला. शेवटी न्यायाधीशांनी आम्हा दोघांकडे चष्म्यावरून बराच वेळ पाहिले आणि तडजोड करून आणा, असे सांगितले. नऊ इंचांचा वाद तडजोडीत सुटला नाही, तो राखून ठेवला गेला. पण एक व्यावहारिक अडचण होती. विजेचा खांब त्यांच्या बाजूच्या गल्लीत असल्याने माझी केबल त्यांच्या अंगणाखालून येते, आणि त्यांच्या सांडपाण्याचा नळ माझ्या अंगणाखालून जातो. तेव्हा तडजोडीत मी कलम सात घातले: दरवर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, आपापल्या वाहिन्या दुसऱ्याच्या जमिनीखाली नेमक्या कुठून जातात याची यादी नकाशासह द्यावी, ती हाती आल्याशिवाय कुणी कुदळ मारू नये.

ही शिस्त खापरखेड्याची. तिथे लेखी परमिट हाती आल्याखेरीज कुणी वाहिनीला हात लावत नसे. एकमेकांच्या टेबलावर चहा न पिणारे दोन अभियंते मी पाहिले आहेत, पण परमिट देताना त्यांनी एकमेकांना कधी तिष्ठत ठेवले नाही. विजेला कुणाचे भांडण ठाऊक नसते.

एकोणीस वर्षे तो रविवार असा होई: आठ वाजता मी माझे पाकीट भिंतीवर ठेवी आणि वर एक विटेचा तुकडा. ते येत, माझे उचलत, त्यांचे त्याच विटेखाली ठेवत. एक शब्द नाही. जी भिंत आमच्या भांडणाचे मूळ, तीच त्या कामी टेबल होई.

यंदा तो रविवार सभेच्या बरोबर एक आठवडा आधी आला. यादी तयार होती, आणि तिच्यात एक नवी नोंद होती. जानेवारीअखेर शेजारी पत्नीसह पुण्याला मुलीकडे गेले असताना मी छतावर सौर पट्ट्या बसवल्या आणि जुन्या केबलऐवजी जाड केबल टाकून घेतली. खोदण्याची पूर्वसूचना पत्राने दिली होती. पण मध्ये मुळे लागल्याने केबल जुना मार्ग सोडून त्यांच्या कडुनिंबाच्या बाजूने तीन फूट वळवावी लागली. तो नवा मार्ग यादीतच कळवायचा होता. मी पाकीट बंद केले. मग त्यांचा ठराव पुन्हा एकदा वाचला. ज्याला यादी म्हणजे चोराला चिठ्ठी वाटते, त्याला माझी चिठ्ठी कशाला? पाकीट मी टेबलाच्या खणात टाकले.

आठ वाजता पडद्याआडून पाहिले. ते भिंतीशी आले. हातात पाकीट होते. विटेखाली काही नाही, हे पाहून त्यांनी घड्याळ पाहिले, थोडा वेळ उभे राहिले आणि आपले पाकीट शर्टाच्या खिशात ठेवून आत गेले. मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. त्या आनंदात मी दिवसभर बसून संपादकांना पत्र लिहिले. विषय: संतापाच्या भरातही अणुकेंद्रांची यादी थांबवू नये.

सोमवारी दुपारी पत्नी गच्चीवरून वाळवण घेऊन खाली आली. ती आणि पलीकडच्या वहिनी यांनी आमचे भांडण कधीच मान्य केलेले नाही. भिंतीवरून त्यांच्या वाट्या येत-जात असतात.

“वहिनी सांगत होत्या, त्यांच्याकडे पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा करून राहिले. शनिवारीच चुन्यानं गोल आखला. उद्या सकाळी खोदणार. कडुनिंबापाशी.”

माझा पेन थांबला.

“यादी दिली ना तुम्ही?”

“त्यांनी जो ठराव मांडला आहे, तो विचारात घेता...”

“ठरावाचं नाही विचारलं मी. यादी दिली का?”

“नाही.”

तिने परात खाली ठेवली. टेबलावरचा संपादकांना लिहिलेला मसुदा उचलला, पहिला परिच्छेद वाचला, आणि माझ्याकडे असे पाहिले की त्या न्यायाधीशांची आठवण झाली.

“दिल्लीले सांगता, राग आला तरी यादी थांबवू नका. आणि स्वतःची खणात? काहून? लोखंडी सब्बल घेऊन तुमचे शेजारी नाही उतरणार खड्ड्यात. उतरणार तो मजूर. त्याचं अन् तुमचं नऊ इंचांचं काही आहे का?”

माझ्या साऱ्या आयुष्यात इतका नेमका युक्तिवाद माझ्याविरुद्ध कुणी केला नव्हता. मी पाकीट काढले. एका वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून त्यात घातल्या, आणि पायांत चपला सरकवून तीस वर्षांत प्रथमच शेजाऱ्यांचे फाटक उघडले.

ते पायरीवर संत्रे सोलत बसले होते. उठले नाहीत.

“या. समन्स घेऊन आले का?”

“यादी घेऊन आलो आहे. एक दिवस उशीर झाला. कलम सातचा भंग माझ्याकडून झाला. तशी लेखी कबुली सोबत जोडली आहे.”

त्यांनी हात धोतराला पुसले, गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नकाशा पाहिला. मग काही न बोलता आतून टेप आणला. टेपचे एक टोक माझ्या हातात दिले. आम्ही दोघांनी मोजले. चुन्याच्या गोलाच्या मधोमध माझी नवी केबल होती.

उद्याची पहिली सब्बल तिच्यावरच बसली असती. त्यांनी चपलेने चुना पुसायला सुरुवात केली. दुसऱ्या बाजूने मीही पुसला.

“पेरूपाशी घेतो खड्डा,” ते म्हणाले. मग खिशातून घामाने चुरगळलेले पाकीट काढून माझ्यापुढे धरले. “हे घ्या. कालपासून खिशात हाय.”

“काल भिंतीवर का ठेवले नाही?”

“तुमचं नव्हतं ना तिथं. पहिले मी ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते, झुकला.”

“कोण लोक? तिथे कुणी नव्हते.”

“मी होतो ना!”

मी निघालो तेव्हा मागून आवाज आला, “रविवारी ठराव मांडणार हाय मी. हे समजून राहा.”

“मांडा. मी विरोध करणार आहे. हेही समजून राहा.”

त्या ठरावावर अनुमोदकाची सही नव्हती, हे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. दोन पानी हरकत तयार होती. ती उभी केली की ठराव वर्षभरासाठी बाद. रविवारी सभेला जाताना ती माझ्या खिशात होती. पण सोमवारी त्या गोलापाशी उभा राहिल्यानंतर तो विजय मला नकोसा वाटू लागला. सही नव्हती म्हणून जिंकायचे, आणि प्रत्येकाच्या मनातला चुन्याचा गोल होता तिथेच ठेवायचा? हरकत मी खिशातच राहू दिली.

शेड भरले होते. मागे तर्री-पोह्यांचे पातेले आल्यामुळे गणसंख्येचा प्रश्न नव्हता. अध्यक्षस्थानी आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, ज्यांच्यापुढे ऐंशीच्या घरातले लोकही हात वर करून बोलतात. शेजाऱ्यांनी ठराव मांडला. चांगला मांडला. बहिणीचा नातू, त्याचे न आलेले फोन, बहिणीचे देवापुढे बसणे. टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्या मला खोट्या वाटल्या नाहीत.

मी उठलो. “मी भाषण करणार नाही. अध्यक्षांच्या परवानगीने प्रस्तावकांना तीन प्रश्न विचारतो.”

“विचारा,” बाई म्हणाल्या. “पण तीनच. तुमचे तीन म्हणजे तेरा असतात.”

हशा ओसरू दिला. “पहिला प्रश्न. आपला माझ्यावर विश्वास आहे का?”

“बिलकुल नाही.”

“दुसरा. भिंतीच्या नऊ इंचांवरचा दावा आपण सोडला आहे का?”

“मरेपर्यंत नाही सोडणार.”

“मीही नाही. नोंद व्हावी.” नोंद करणारा मीच होतो, तरी म्हणालो.

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न साक्षीदाराला विचारू नये, हा वकिलीचा पहिला धडा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. “खड्ड्याची आखणी शनिवारीच झाली होती. रविवारी माझी यादी आली नाही. मग मंगळवारपर्यंत खोदायचे का थांबलात?”

त्यांनी मानेवरून हात फिरवला. खोटे बोलायचे ठरवले असते तर ‘मजुराला वेळ नव्हता’ एवढे पुरेसे होते.

“खरं सांगू का,” ते म्हणाले, “मजूर सोमवारी सकाळीच आला होता. सब्बल उचलली होती त्यानं. मी म्हटलं, थांब गा, वकिलाची यादी नाही आली. एकोणीस वर्षांत या माणसानं यादी चुकवली नाही. बिमार असन, म्हटलं. त्याले उद्या ये म्हणून वापस धाडलं. अन् बायकोले म्हटलं, भिंतीवरून गोष्ट काढ वं, पाहा तिकडं काय झालं.”

मी वळून पाहिले. तिसऱ्या रांगेत पत्नी आणि वहिनी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि दोघीही अतिशय लक्षपूर्वक आपापल्या बांगड्या पाहत होत्या. सोमवारचे ते सहज बोलणे सहज नव्हते तर! मी पाकीट खणात कोंडून बसलो असताना माझ्या घरावरून एक पूर्ण शिष्टाई झाली होती, आणि मला तिचा पत्ता नव्हता.

“म्हंजे भाऊ,” मागून निवृत्त पोस्टमास्तर ओरडले, “विश्वास नाही, पण यादी पाहिजे?”

“हाव!” शेजारी गरजले. “विश्वास नाही म्हणूनच तर पाहिजे! विश्वास असता तर यादी कायले...”

आणि ते तसेच उभे राहिले. स्वतःच्या आवाजातले वाक्य त्यांच्या कानावर परत आले होते. मग पोस्टमास्तर म्हणाले, “मंग ठराव कायले मांडून राहिला गा, बाप्पा?” आणि असा हशा उसळला की बाईंना टेबलावर चष्म्याचे घर आपटावे लागले.

शेजारी हसले नाहीत. मीही नाही. मी एवढेच म्हणालो, “आपल्या बहिणीचा नातू तिथे उभा आहे. अणुकेंद्रावर बॉम्ब पडला तर त्याचे विष वारा नेईल तिकडे जाईल. सीमा पाहून थांबणार नाही. भांडण त्याला करू द्या, ते त्याचे कर्तव्य आहे. पण कुठे सब्बल मारायची नाही, एवढे तरी दोन्हीकडच्यांनी कागदावर ठेवू द्या. आणि तो कागद टिकायचा तर कुणीतरी बोलत राहिले पाहिजे, पुरुष नाही तर निदान वहिनी तरी.”

ते मग अध्यक्षांकडे वळले. “बाई, माझाच ठराव हाय ना? मंग मीच बदलतो. लिहा, वकीलसाहेब.”

मी लिहू लागलो. त्यांनी सांगितले ते असे: आम्हाला त्यांचा भरवसा नाही. म्हणून जे द्यायचे-घ्यायचे ते लेखी, दरवर्षी, ठरल्या दिवशी चालू ठेवावे. भांडण कितीही झाले तरी अणूच्या गोष्टीवर बोलणारी माणसे बसती ठेवावीत. करार मोडू नये, उलट वाढवावा.

“अनुमोदन कोणाचे?” बाईंनी विचारले.

“माझे,” मी म्हणालो, आणि तीस वर्षांत प्रथमच त्यांच्या नावाच्या शेजारी, ‘विरुद्ध’ हा शब्द मध्ये न येता, माझी सही झाली.

हात वर झाले. दोनच राहिले खाली. त्या दोघांचा विरोध मी नावानिशी नोंदवला, कारण तो त्यांचा हक्क आहे. बाकी सारे शेड हातांनी भरले होते. मी सभा पुष्कळ जिंकल्या आहेत, पण त्या हरकतींवर, नियमांवर, दुसऱ्याच्या चुकीवर. समोरच्या माणसाच्या तोंडूनच माझे म्हणणे निघावे, तेही माझ्यापेक्षा सरस शब्दांत, हे एकदाच घडले. त्या दिवशी मी तर्री-पोह्यांच्या दोन बशा खाल्ल्या. पत्नीने पाहिले, आणि डॉक्टरांचे नाव काढले नाही.

पत्र लिहायला दोन दिवस लागले, कारण शेजारी समोर बसून होते. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ त्यांनी खोडायला लावले. “दिल्लीले पत्र हाय का वसुलीची नोटीस? सरळ लिहा ना!” ‘सबब’ हा शब्द मी दोनदा घातला आणि दोनदा हरलो. पण ‘आम्हाला त्यांचा भरवसा नाही. म्हणून...’ हे वाक्य मी एका अक्षरानेही बदलले नाही. इतके चांगले वाक्य माझ्या दोन कपाटांत नाही.

बुधवारी आम्ही दोघे पोस्टात गेलो. स्पीड पोस्टची पावती मी घडी करून पाकिटात ठेवली. तिची झेरॉक्स त्यांनी तिथेच मागितली. परत येताना ते माझ्या फाटकाशी थांबले.

“बोलणं सुरू झालं म्हणून नऊ इंच सोडले, असं समजू नका.”

“त्याबाबतची नोटीस उद्या सकाळी देतो,” मी म्हणालो.

“द्या. आठ वाजता भिंतीवर ठेवा. वीट हाय तिथंच.”